सीटीवर पोट आणि ओटीपोट वाचायला शिकताना : आधी नळ्या, मग अवयव

संध्याकाळी काम आटोपल्यावर मी नाशिकमध्ये रेडिओलॉजीच्या नव्या रेसिडेंटना आणि सीटी टेक्निशियनचा कोर्स करणाऱ्या मुलामुलींना पोटाची ॲनाटॉमी शिकवते. बहुतेकजण घरून तयारी करून येतात. छापील चित्रातलं पँक्रियाज (स्वादुपिंड) बरोबर दाखवतात. मग मी हातात माउस देते आणि सांगते, "आता याचं शेपूट शोध आणि तिथून डोक्यापर्यंत ये." चाक फिरू लागतं, आणि चौथ्या-पाचव्या स्लाइसला (शरीराच्या एकेका छेदाच्या चित्राला) बोट ड्युओडेनमवर, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागावर, गेलेलं असतं.

नाशिकच्या रविवार कारंजा चौकाचा फोटो पाहून कुणीही "हा रविवार कारंजा" म्हणेल. पण सीबीएस बसस्थानकावर उतरवून "चालत जा" म्हटलं, की ज्याने वाट कधी तुडवली नाही तो अडतो. पोटाचंही हेच आहे. एका स्लाइसचं चित्र पाठ करण्यात महिने जातात आणि हातात फोटोंचा अल्बम उरतो. खाली दिलेला क्रम मोडू नका. जे अडतात ते बहुतेक वेळा टप्पा २ आणि ३ सोडून थेट लिव्हरवर गेलेले असतात.

## टप्पा १ : बसण्याआधीची तयारी

केस कोणती घ्यायची. एका प्रौढ माणसाचा, नॉर्मल रिपोर्ट असलेला, शिरेतून काँट्रास्ट (रक्तवाहिन्या उजळ दाखवणारं औषध) देऊन पोर्टल व्हीनस फेजमध्ये (ते लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत पोचलेलं असताना) काढलेला पोट-ओटीपोटाचा सीटी घ्या. स्लाइस १ ते १.५ मिलिमीटरच्या असतील तर उत्तम, ३ च्या वर नकोत. माणूस मध्यम बांध्याचा, थोडी चरबी असलेला निवडा. शिकाऊ माणसाला बारीक रुग्णाचा सीटी सोपा वाटतो, पण प्रत्यक्षात तोच सगळ्यात अवघड. सीटीवर दोन अवयवांमधली सीमा चरबीच दाखवते. चरबी नसली की आतडं, पँक्रियाज आणि शिरा एकमेकांना चिकटून एकच करडा गोळा दिसतो.

ही एकच केस दोन आठवडे वापरा. रोज नवी केस उघडायचा मोह आवरा.

सॉफ्टवेअर. थ्रीडी स्लायसर किंवा वीसिस मोफत मिळतात. आडवा, उभा समोरून आणि उभा बाजूने असे तिन्ही छेद एकत्र दिसतील आणि एका छेदावर क्लिक केलं की बाकी दोन त्याच जागी येतील, एवढी सोय पुरते. केस मिळत नसेल तर द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हवर नावं काढून टाकलेले स्कॅन उपलब्ध आहेत. मात्र ते मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांचे असतात, म्हणून कुठला भाग नॉर्मल आहे हे वरिष्ठांना विचारून घ्या.

विंडो, म्हणजे स्क्रीनवर करड्या छटांत दिसणाऱ्या आकड्यांचा पट्टा. रुंदी ४००, मध्य ४०. पोटासाठी इथून सुरुवात. हाउन्सफील्डचे (सीटीवर घनता मोजायचे) आकडे तोंडपाठ हवेत : हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, पाणी ०, काँट्रास्टशिवाय लिव्हर ५० ते ६० च्या आसपास, आणि स्प्लीन (प्लीहा) त्याहून थोडी कमी. काही काळं दिसलं की ते हवा आहे की चरबी हे डोळ्यांनी ठरवू नका, कर्सर ठेवून आकडा वाचा.

वही. कोरी, बिनरेघी. रोज एक स्लाइस हाताने काढायची. चित्रकला यायची गरज नाही.

> सावधान : रुग्णाचं नाव, वय, नोंदणी क्रमांक काढल्याशिवाय केस पेनड्राइव्हवर घेऊ नका. स्क्रीनचा मोबाइल फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको.

> सावधान : सोनोग्राफीचा सराव मैत्रिणीच्या, वहिनीच्या पोटावर "सहज बघू" म्हणून करू नका. १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्यानुसार मशीन नोंदणी झालेल्या जागीच ठेवता येतं आणि पात्र, नोंद असलेल्या डॉक्टरनेच ते चालवायचं असतं. शिकणाऱ्याने वरिष्ठांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीनेच बघावं.

## टप्पा २ : डावं-उजवं आणि वर-खाली

आडव्या छेदात आपण रुग्णाच्या पायाशी उभं राहून डोक्याकडे बघत असतो. त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू स्क्रीनच्या डाव्या हाताला येते. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत रिपोर्टमध्ये उजवी किडनी डावी होते. म्हणून मी मुलांना "स्क्रीनची डावी" हा शब्दच वापरू देत नाही. तोंडातून निघेल ती रुग्णाचीच बाजू.

लिव्हर दिसलं म्हणजे उजवी बाजू, असं गृहीत धरू नका. काही माणसांचे अवयव जन्मतः उलट बाजूला असतात. आधी स्क्रीनवरचं डाव्या-उजव्याचं अक्षर वाचा, मग लिव्हर बघा.

पुढे जठरातली हवा बघा. रुग्ण पाठीवर झोपलेला असेल तर हवा पुढे, पोटाच्या भिंतीकडे चढते आणि द्रव मागे साठतो. हवा मणक्याच्या बाजूला दिसली तर स्कॅन पालथं झोपवून काढला आहे.

सोनोग्राफीत उभ्या छेदात स्क्रीनच्या डावीकडे डोकं आणि उजवीकडे पाय. आडव्या छेदात सीटीसारखंच.

तपासणी : मधलीच एखादी स्लाइस उघडा. पाच सेकंदांत रुग्णाची उजवी बाजू, पुढची बाजू, आणि चाक कुठे फिरवलं की डोक्याकडे जातो, हे तिन्ही सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ३ : मणके मोजा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो गाळला जातो. बाजूच्या उभ्या छेदात सेक्रम (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड) शोधा, तिथून वर मोजत जा, आणि शेवटची बरगडी बाराव्या छातीच्या मणक्याला लागते का हे पडताळा. दोन्ही टोकांकडून मोजायचं, कारण काहींचा पाचवा कमरेचा मणका सेक्रमला जुळलेला असतो आणि एकाच टोकाकडून मोजलं तर सगळं एका मणक्याने सरकतं.

पातळ्या अशा :

- बारावा छातीचा मणका : एओर्टा (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) डायफ्रॅममधून (छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्यातून) पोटात येतो. सिलिअॅक (जठर, लिव्हर आणि स्प्लीनकडे जाणारी धमनी) इथेच, थोडी खाली निघते.
- पहिला कमरेचा : एसएमए (सुपिरिअर मेसेंटेरिक, म्हणजे आतड्याची वरची धमनी). पायलोरस (जठराचं खालचं तोंड) आणि पँक्रियाजची मानही याच सुमारास.
- पहिला ते दुसरा : दोन्ही रीनल आर्टरी (किडनीच्या धमन्या).
- तिसरा : आयएमए (इन्फिरिअर मेसेंटेरिक, म्हणजे आतड्याची खालची धमनी).
- चौथा : एओर्टाचे दोन फाटे होतात. कमरेच्या हाडाचा वरचा काठ याच उंचीवर.
- पाचवा : दोन शिरा जुळून आयव्हीसी (खालच्या शरीरातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) सुरू होते.

माणसागणिक अर्ध्या मणक्याचा फरक पडतो. वरून खाली येणारा क्रम मात्र सहसा बदलत नाही, म्हणून आकड्यापेक्षा क्रम पक्का करा.

## टप्पा ४ : नळ्या धरून चाला

इथे घाई करू नका. पूर्ण आठवडा फक्त रक्तवाहिन्या. लिव्हरकडे, किडनीकडे बघायचंही नाही.

पहिली फेरी, एओर्टा. डायफ्रॅमपासून खाली, मणक्याच्या पुढे जरा डावीकडे, चौथ्या कमरेच्या मणक्यापर्यंत. फाटे फुटले की आधी उजवा फाटा मांडीच्या सुरुवातीपर्यंत न्या, परत या, मग डावा. प्रत्येक फाट्याचे पुन्हा दोन होतात : बाहेरचा पुढे मांडीकडे जातो, आतला मागे ओटीपोटात उतरतो. ही दुसरी फाटाफूट नीट लक्षात ठेवा, टप्पा ६ मध्ये तिथेच परत यायचं आहे.

दुसरी फेरी, पुढच्या फांद्या. सिलिअॅक पुढे येऊन दोन्हीकडे पसरते, एक फांदी लिव्हरकडे, एक स्प्लीनकडे. नांदूरमधमेश्वरला पंख पसरून पाण्यावर उतरणारा पक्षी पाहिला असेल तर सोनोग्राफीवरचा हा आकार विसरणं शक्य नाही. त्याच्या थोडं खाली एसएमए निघते. ती लगेच पसरत नाही, एओर्टाच्या पुढून त्याच्यासोबत खाली जाते आणि तिच्याभोवती चरबीचं कडं असतं.

आता एसएमए आणि एओर्टा यांच्यामधली फट बघत खाली या. आधी तिथून डावी रीनल व्हेन (किडनीची शीर) आडवी जाते. आणखी खाली गेलात की त्याच फटीतून ड्युओडेनमचा तिसरा भाग जातो. या दोन गोष्टी सापडल्या की वरच्या पोटाचा नकाशा हाती आला असं समजा.

तिसरी फेरी, एसएमव्ही ते पोर्टल. एसएमएच्या उजवीकडे, तिच्याहून जाड शीर म्हणजे एसएमव्ही (सुपिरिअर मेसेंटेरिक व्हेन). ही जागा उलटी दिसली तर आतड्याचं जन्मजात फिरणं अपुरं राहिल्याची शंका घ्यायची, म्हणून प्रत्येक केसमध्ये बघायची सवय लावा. एसएमव्ही धरून वर चढा. पँक्रियाजच्या मानेमागे डावीकडून स्प्लीनिक व्हेन येऊन मिळते आणि तिथून पुढे तिचं नाव पोर्टल व्हेन. ती लिव्हरच्या दारातून आत शिरेपर्यंत सोडायची नाही.

चौथी फेरी, आयव्हीसी. पाचव्या मणक्यापासून वर. रीनल व्हेन मिळतात, मग ती लिव्हरच्या मागून जाते, आणि डायफ्रॅमच्या अगदी खाली तीन हिपॅटिक व्हेन (लिव्हरच्या शिरा) येऊन मिळतात.

> सावधान : रीनल व्हेन जिथे मिळतात तिथे आयव्हीसीमध्ये अर्धं पांढरं, अर्धं करडं दिसतं. दर बॅचमध्ये कुणीतरी याला रक्ताची गुठळी म्हणतंच. किडनीतून काँट्रास्टचं रक्त लवकर परततं, पायांतलं रक्त काँट्रास्टशिवाय येत असतं, आणि दोन्ही पूर्ण मिसळलेली नसतात. उशिराच्या फेजमध्ये ते एकसारखं झालं तर प्रश्न मिटला.

तपासणी : स्प्लीनच्या दारापासून सुरुवात करा आणि शिरेतून बाहेर न पडता लिव्हरच्या आत पोचा. हात एकदाही थांबला नाही तरच टप्पा ५.

## टप्पा ५ : नळ्यांच्या आधाराने अवयव

पँक्रियाज आधी. सर्वात जास्त चुका इथेच होतात, आणि टप्पा ४ झाला असेल तर सगळ्यात सोपं हेच. स्प्लीनिक व्हेन पकडा, तिच्या पुढे चिकटून जे मऊ, किंचित खाचाखाचांचं दिसतं ते पँक्रियाज. शेपूट स्प्लीनपाशी. उजवीकडे येत येत एसएमव्ही-पोर्टलच्या पुढे आलात की ती मान. त्याच्या उजवीकडे, ड्युओडेनमच्या वळणात बसलेलं ते डोकं. डोक्याचा एक कोपरा एसएमव्हीच्या मागे शिरतो, तो अनसिनेट. डोक्यात मागच्या बाजूला पित्ताची नळी आणि पुढच्या बाजूला गॅस्ट्रोड्युओडिनल आर्टरी, असे दोन ठिपके शोधा.

पँक्रियाज तिरकं असतं, शेपूट बहुधा डोक्यापेक्षा वर. त्यामुळे एकाच स्लाइसवर ते अख्खं क्वचितच दिसतं. पुस्तकातलं अख्खं पँक्रियाज डोक्यात ठेवून शोधणारा इथेच फसतो.

रिकामं, मिटलेलं जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) शेपटाजवळ असतं आणि गाठीसारखं भासतं. दोन-तीन स्लाइस वरखाली करा. आतडं असेल तर ते पुढे चालत राहतं आणि आतल्या घड्या पिसासारख्या उघडतात.

लिव्हर. पुढे दिसणाऱ्या फॅल्सिफॉर्म लिगामेंटला (लिव्हरला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणाऱ्या पट्ट्याला) उजव्या-डाव्या लोबची सीमा मानणं ही जुनी चूक. खरी सीमा मिडल हिपॅटिक व्हेनपासून पित्ताशयाच्या खाचेपर्यंतची. उजवी हिपॅटिक व्हेन उजव्या लोबचे पुढचा आणि मागचा असे भाग पाडते. लिव्हरचे आठ सेगमेंट मोजतात, आणि फॅल्सिफॉर्मची रेघ चौथ्या सेगमेंटला दुसऱ्या-तिसऱ्यापासून वेगळं करते. वरचं-खालचं ठरतं पोर्टल व्हेनच्या पातळीवरून. रुग्णाच्या डावीकडून उजवीकडे येताना वर २, ४अ, ८, ७ आणि खाली ३, ४ब, ५, ६. पहिला सेगमेंट, म्हणजे कॉडेट, आयव्हीसीच्या पुढ्यात बसलेला. हे आठ आकडे वहीत रंग देऊन काढा, नुसते म्हणून राहत नाहीत.

ॲड्रिनल. ही किडनीच्या वरची ग्रंथी. उजवी आयव्हीसीच्या मागे, लिव्हर आणि डायफ्रॅमचा क्रस (मणक्याला धरलेला पट्टा) यांच्यामधल्या चिरेत. डावी, किडनीच्या वरच्या टोकाच्या पुढे-आत, उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी. बारीक असते, पण तिची जागा चुकत नाही.

स्प्लीन आणि किडनी यांवर वेळ घालवू नका, त्या आपोआप येतात. आर्टरी फेजमध्ये स्प्लीनवर पट्टे दिसतात, तो आजार नाही, एवढं ठेवा.

आतडं उलटं वाचा. जठरापासून सुरू करून खाली जाणाऱ्याची वाट लहान आतड्यात हरवते, आणि मग "आतडं वाचता येत नाही" हा समज वर्षभर चिकटतो. रेक्टमपासून (गुदाशयापासून) सुरू करा, कारण त्याची जागा ठरलेली असते. तिथून वर मोठं आतडं : आधी वळणदार सिग्मॉइड, मग डावीकडचं डिसेंडिंग. डिसेंडिंग आणि उजवीकडचं असेंडिंग मागच्या भिंतीला धरून असतात, त्यामुळे सिग्मॉइडमध्ये गोंधळलात तर डावीकडचं डिसेंडिंग पकडा आणि तिथून खाली येऊन दोन टोकं जुळवा. वर स्प्लीनपाशी वळण, ट्रान्सव्हर्स, लिव्हरपाशी वळण, असेंडिंग, आणि शेवटी सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी).

सीकममध्ये आधी इलिओसीकल व्हॉल्व्ह (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली झडप) शोधा. व्हॉल्व्हच्या ओठांवर चरबी असते, म्हणून तो बऱ्याचदा काळसर दिसतो. व्हॉल्व्हमधून जे आत येतं ते टर्मिनल इलियम (लहान आतड्याचं शेवटचं टोक). त्याच्या खाली, सीकमच्या आतल्या-मागच्या बाजूने निघून जे पुढे बंद होतं ते अपेंडिक्स. बंद टोक दाखवता आलं नाही तर "अपेंडिक्स दिसलं" म्हणायचं नाही. टर्मिनल इलियम पुढे चालत राहतं, गोनाडल व्हेन (ओव्हरीची किंवा वृषणाची शीर) वर जाऊन मोठ्या शिरेला मिळते. बंद फक्त अपेंडिक्स होतं.

लहान आतड्याच्या बाबतीत पहिला महिना एवढंच : वर डावीकडे घड्यांचं जेजुनम, खाली उजवीकडे गुळगुळीत इलियम.

## टप्पा ६ : ओटीपोट

इथे आडव्या छेदापासून सुरुवात करू नका. बाजूचा उभा छेद उघडा आणि मधोमध या. बाईच्या ओटीपोटात पुढून मागे मूत्राशय, गर्भाशय, रेक्टम. पुरुषात मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट, मागे सेमिनल व्हेसिकल (वीर्याच्या पिशव्या). ही रांग दिसली की मग आडव्यात जा.

गर्भाशय बहुधा पुढे झुकलेलं असतं, काहींचं मागे. मागे झुकलेलं गर्भाशय आडव्या छेदात रेक्टमपुढची गाठ वाटतं. उभा छेद आधी बघितला असेल तर ही चूक होत नाही. सर्व्हिक्स (गर्भाशयाचं मुख) बऱ्यापैकी स्थिर असते, तिथून वर चढा. गर्भाशयाचे थर नीट बघायचे तर एमआरआयचा टी-टू (त्यातला एक प्रकारचा फोटो) लागतो : आतला थर उजळ, त्याबाहेर काळी पट्टी, मग मध्यम करडा स्नायू. सीटीवर ते थर शोधत बसू नका.

ओव्हरी (अंडाशय) शोधताना बहुतेकजण गर्भाशयाच्या बाजूला जे गोल दिसेल त्यावर बोट ठेवतात. तसं नको. गोनाडल व्हेन धरा. उजवी आयव्हीसीला, रीनल व्हेनच्या थोडं खाली मिळते. डावी थेट डाव्या रीनल व्हेनला. तिथून कण्याशेजारच्या सोअस स्नायूवरून खाली आलात की शीर ओव्हरीपाशी नेऊन सोडते. टप्पा ४ मधली ती दुसरी फाटाफूट आठवा, ओव्हरी सहसा तिच्याच आसपास असते.

आता युरेटर, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी. किडनीतून निघून सोअसवरून उतरतो, इलियाक वाहिन्यांच्या (एओर्टाच्या त्या फाट्यांच्या) फाट्यापाशी त्यांच्या पुढून ओलांडून ओटीपोटात शिरतो, आणि बाईमध्ये सर्व्हिक्सपासून सुमारे २ सेंटिमीटर बाजूला युटेराइन आर्टरीच्या (गर्भाशयाच्या धमनीच्या) खालून जातो. होळकर पुलाखालून गोदावरी जाते तसा : वर पूल म्हणजे आर्टरी, खाली पाणी म्हणजे युरेटर. खडे अडकायच्या तीन जागा आहेत. किडनीतून निघतानाची, इलियाक ओलांडतानाची, आणि मूत्राशयात शिरतानाची.

मी रेसिडेंट असताना ओटीपोटात एक पांढरा ठिपका पाहून युरेटरचा खडा लिहून मोकळी झाले होते. वरिष्ठांनी युरेटर किडनीपासून एकेक स्लाइस खाली आणला, आणि तो त्या ठिपक्याच्या बाजूने निघून गेला. ठिपका शिरेतला फ्लेबोलिथ, म्हणजे शिरेत साचलेला कॅल्शियमचा निरुपद्रवी खडा होता. रिपोर्ट जायच्या आधी दुरुस्त झाला, पण त्या बाईंची अकारण दुर्बीण झाली असती हा विचार मला आजही सुटत नाही. युरेटर न धरता खडा लिहायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून स्वतःला आणि विद्यार्थ्यांना लावते. खड्याभोवती युरेटरच्या सुजलेल्या भिंतीचं कडं दिसू शकतं. फ्लेबोलिथला शिरेची शेपटी जोडलेली दिसू शकते. तरीही अंतिम पुरावा नळीचाच.

पुढच्या भिंतीत इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक वाहिन्या शोधून ठेवा. त्यांच्या आतल्या बाजूने येणारा हर्निया डायरेक्ट, बाहेरच्या बाजूने येणारा इनडायरेक्ट. आणि द्रव शोधायच्या दोन जागा रोज बघा : लिव्हर आणि उजव्या किडनीमधली मॉरिसनची, आणि बाईमध्ये गर्भाशयामागची डग्लसची.

तपासणी : काँट्रास्ट उतरलेला नसेल तरी दोन्ही युरेटर किडनीपासून मूत्राशयापर्यंत आणता येतात का? मध्ये सुटला तर सुटलेली स्लाइस वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात.

## टप्पा ७ : फेज आणि सोनोग्राफी

तीच केस वेगळ्या फेजमध्ये अनोळखी वाटते. काँट्रास्ट सुरू केल्यापासून आर्टरी फेज साधारण ३५ सेकंदांना, पोर्टल ६० ते ७० ला, किडनीचा फेज ९० ते १०० ला, आणि युरेटर भरलेले बघायचे तर काही मिनिटांनी. स्लाइस उघडल्यावर आधी एओर्टा, आयव्हीसी आणि किडनीचा रंग बघून फेज ओळखा, मगच बाकीचं.

सोनोग्राफी सीटीनंतर शिका. वरच्या पोटासाठी रुग्ण सहा तास उपाशी, ओटीपोटासाठी मूत्राशय भरलेलं. बाकी नळ्या त्याच : आडव्या छेदात आधी मणका आणि एओर्टा, त्यावर एसएमएचं पांढरं कडं, तिच्या पुढे स्प्लीनिक व्हेन, तिच्या पुढे पँक्रियाज. आतड्यातल्या गॅसमुळे दिसत नसेल तर हलका दाब द्या, रुग्णाला कूस बदलायला सांगा. अंदाजाने माप टाकू नका.

## टप्पा ८ : रोजचा सराव

रोज चाळीस मिनिटं पुरतात, रविवारचे चार तास पुरत नाहीत. पहिल्या आठवड्यात फक्त नळ्या, दुसऱ्यात वरचं पोट, तिसऱ्यात आतडं, चौथ्यात ओटीपोट. पहिली केस दोन आठवड्यांत डोळ्यांत बसते, तेव्हा तिसऱ्या आठवड्याला दुसरी नॉर्मल केस घ्या. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही मी हाच क्रम देते, कारण वरच्या टप्प्यांतून गेलेल्याला स्पॉटर (परीक्षेत चित्र दाखवून ओळखायला सांगतात तो प्रश्न) वेगळा पाठ करावा लागत नाही.

निदान वीस नॉर्मल केस झाल्याशिवाय आजाराच्या केस उघडू नका, असं माझं मत आहे. मधल्या काळात वेगळी ठेवण दिसली तर वहीच्या मागच्या पानावर नोंदवा : एसएमएमधून निघणारी उजवी हिपॅटिक आर्टरी, एओर्टाच्या मागून जाणारी डावी रीनल व्हेन, आयएमएखाली अडकून तिसऱ्या मणक्याशी थांबलेली घोड्याच्या नालेसारखी जुळलेली किडनी. आयव्हीसीकडे जाणारी शीर मागून जाताना दिसली की नवशिका तिला गाठ म्हणतो. ज्याला पुढची वाट पाठ आहे तो लगेच ओळखतो की वाट तीच, फक्त मागून गेली.

शेवटची परीक्षा एकट्याने देता येत नाही. सोबत्याला पूर्वी न पाहिलेली नॉर्मल केस उघडायला सांगा, डोळे मिटा, त्याला चाक कुठेही फिरवून थांबू द्या. डोळे उघडून आधी फेज सांगा, मग मणक्याची पातळी, आणि मग घड्याळाच्या दिशेने दहा रचना. दहापैकी एक जरी अंदाजाने सांगितली असेल तर ती नळी सुरुवातीपासून पुन्हा धरा.